खुनी सुटला तरी चालेल, असं हाँगकाँगचे लोक म्हणत नव्हते

कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "२०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये लाखो लोक प्रत्यर्पण कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. पण ज्याने जिथे गुन्हा केला त्याला तिथे पाठवायचं, यात वाईट काय? आपण तर मल्ल्या आणि नीरव मोदी परत येत नाहीत म्हणून चिडतो. मग त्या लोकांना खुनी मोकळा फिरला तरी चालणार होता का?"

गेली बावीस वर्षं मी प्रत्यर्पणाच्या प्रकरणांत काम करतोय. सुरुवातीला परदेशी पळालेल्या आरोपींसाठीचे विनंतीचे कागद तयार करत होतो. नंतर इथे पकडलेल्या आणि बाहेरचा देश मागत असलेल्या लोकांच्या बाजूने दिल्लीत उभा राहू लागलो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यामुळे तुमचा प्रश्न मला मनापासून पटतो. तो अडाणीपणाचा नाही. हाँगकाँगचं सरकारही तेव्हा नेमकं हेच विचारत होतं.

पण प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : प्रत्यर्पण म्हणजे आरोपीला एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्या पोलीस ठाण्यात हलवणं. तसं असतं तर तुमचं बरोबर होतं. प्रत्यक्षात प्रत्यर्पण म्हणजे एका न्यायव्यवस्थेने आपल्या छपराखालचा माणूस दुसऱ्या न्यायव्यवस्थेच्या हाती देणं. त्यामुळे गुन्हा झाला की नाही, हा तिथे पहिला प्रश्न नसतोच. कोणाच्या हाती देतोय, आणि देणाऱ्याला "नाही" म्हणता येतं का, हे आधी पाहावं लागतं. हाँगकाँगचं सगळं भांडण याच दोन प्रश्नांवरचं होतं.

सुरुवात खरोखर एका खुनाने झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये हाँगकाँगचं एक तरुण जोडपं तैपेईला फिरायला गेलं. मुलगा एकटाच परतला. मुलीचा मृतदेह पुढे तैवानमध्ये सापडला. हाँगकाँगच्या पोलिसांपुढे मुलाने खुनाची कबुली दिली, पण तिथलं न्यायालय त्याच्यावर खुनाचा खटला चालवू शकत नव्हतं, कारण हाँगकाँगच्या हद्दीबाहेर झालेला खून त्यांच्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता. तैवानशी प्रत्यर्पणाचा करारही नव्हता. शेवटी मुलीचं बँक कार्ड वापरून काढलेल्या पैशांच्या संदर्भात त्याला शिक्षा झाली, ती २९ महिन्यांची. मुलीच्या आईवडिलांनी न्याय मागितला. त्यांच्या दुःखाविषयी तिथे कोणाच्याही मनात शंका नव्हती, आणि आंदोलकांवर "तुम्हाला त्या मुलीचं काहीच वाटत नाही" हा आरोप झाला तो अन्यायकारक होता.

इथे एक गोष्ट तुम्हाला कायद्याचे विद्यार्थी म्हणून लक्षात आली पाहिजे. हाच खून एखाद्या भारतीय मुलाने तैपेईत केला असता, तर आपल्याला प्रत्यर्पणाची गरजच पडली नसती. भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेल्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर भारतात खटला चालू शकतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४ मध्ये ही तरतूद होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात आहे. फक्त केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. हाँगकाँगमधल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी आणि विरोधी आमदारांनी साधारण हाच मार्ग सुचवला होता : परदेशात खून करणाऱ्या हाँगकाँगच्या रहिवाशावर इथेच खटला चालवू द्या. केवळ तैवानपुरती आणि एकाच प्रकरणापुरती व्यवस्था करा, हाही पर्याय पुढे आला. सरकारने दोन्ही नाकारले. खुनाच्या प्रकरणावर उपाय हवा असेल तर अरुंद रस्ता उपलब्ध होता. सरकारने रुंद रस्ता निवडला, आणि लोकांचा संशय तिथे पक्का झाला.

रुंद रस्ता म्हणजे काय, ते पाहू. हाँगकाँगचा फरार गुन्हेगारांविषयीचा कायदा १९९७ चा, म्हणजे शहर ब्रिटिशांकडून चीनकडे जाण्याच्या अगदी तोंडावरचा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ही व्यवस्था चीनच्या इतर कोणत्याही भागाला लागू नाही. सरकारने २०१९ मध्ये याला "पळवाट" म्हटलं. तिथल्या बार असोसिएशनने ठणकावून सांगितलं की ही पळवाट नव्हे, ती विचारपूर्वक बांधलेली भिंत आहे, कारण दोन न्यायव्यवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चीनच्या मुख्य भूमीवर फौजदारी खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त. तिथे फाशी आहे, हाँगकाँगने ती १९९३ मध्येच रद्द केली. तिथली न्यायालयं कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली चालतात, आणि हे पक्ष स्वतःच सांगतो.

नवीन विधेयकाने ती भिंत काढली. दुसरा बदल वरकरणी तांत्रिक होता, पण माझ्या मते तोच जास्त गंभीर होता. ज्या देशाशी करार नाही, अशा ठिकाणी एकट्यादुकट्या प्रकरणात आरोपी पाठवायचा तर जुन्या कायद्यात ती व्यवस्था विधिमंडळापुढे ठेवावी लागे. नव्या विधेयकात ही पायरीच गाळली होती. मुख्य प्रशासकाने, म्हणजे हाँगकाँग सरकारच्या प्रमुखाने, प्रमाणपत्र दिलं की प्रकरण थेट न्यायालयात.

आता माझ्या कामातलं सांगतो, म्हणजे हे गंभीर का ते कळेल.

महाराष्ट्रातून एखाद्या आरोपीसाठी परदेशात विनंती जाते, तेव्हा आम्ही पोलीस ठाण्यातले मराठी कागद घेऊन बसतो. एफआयआर, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, दोषारोपपत्र. सगळ्याचं इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत भाषांतर होतं, प्रत्येक पानावर सही-शिक्का होतो. तिकडचा न्यायाधीश खटला चालवत नाही. तो सकृद्दर्शनी पुरावा आहे का, हा गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा ठरतो का आणि मागणी राजकीय आहे का, एवढंच तपासतो. आणि त्यानंतर आपल्याकडे पाहतो. मल्ल्याच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने मुंबईतल्या आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबरच्या बराकीचं चित्रीकरण मागून घेतलं. उजेड किती येतो, हवा खेळते का, औषधोपचाराची सोय काय, हे सगळं पाहिलं. तेव्हा आपल्याकडे अनेकांना राग आला होता. मला आला नाही. माणूस हाती देणाऱ्याने इतकं पाहिलंच पाहिजे. उद्या आपला एखादा माणूस कुठल्या परक्या तुरुंगात जायची वेळ आली, तर आपणही हेच विचारू, आणि विचारायलाच हवं.

सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईचंच आहे. अबू सालेमला पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये आपल्या ताब्यात दिलं. पण त्याआधी, डिसेंबर २००२ मध्ये, तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांना भारताच्या वतीने लेखी हमी द्यावी लागली होती : फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही. पुढे आपल्याकडे त्याच्यावर ठरल्यापेक्षा वेगळे आरोपही लावले गेले, तेव्हा लिस्बनच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये भारताने अट मोडली असा निकाल दिला. ज्या आरोपांसाठी माणूस दिला, त्याच आरोपांवर खटला चालवायचा, हा प्रत्यर्पणाचा मूलभूत नियम आहे आणि आपल्या १९६२ च्या कायद्यातही कलम २१ मध्ये तो आहे. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने काही आरोप मागे घ्यायला परवानगी दिली. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षं पूर्ण झाल्यावर केंद्र सरकारने पोर्तुगालला दिलेला शब्द पाळावा लागेल.

मुंबईच्या १९९३ च्या बाँबस्फोटांत ज्यांची माणसं गेली, त्यांना हे ऐकताना काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. तरीही मी म्हणेन की प्रत्यर्पण असंच चालायला हवं. पोर्तुगाल छोटा देश आहे, पण तो भारताच्या हाताखाली नाही. अट मोडली तर तो जाहीरपणे जाब विचारू शकतो, आणि पुढच्या वेळी "नाही" म्हणू शकतो. हमीला किंमत येते ती यामुळेच.

आता हाच प्रसंग हाँगकाँगला लावून पाहा. मागणी बीजिंगकडून आली. प्रमाणपत्र द्यायचं हाँगकाँगच्या मुख्य प्रशासकाने, म्हणजे तेव्हाच्या कॅरी लॅम यांनी. त्यांना निवडलं होतं १,२०० जणांच्या निवड समितीने, ७७७ मतांनी, आणि त्यांची नेमणूक केली होती बीजिंगमधल्या केंद्र सरकारने. नेमणारा माणूस मागतोय, त्याला नेमलेल्या माणसाने "नाही" म्हणायचं. आणि माणूस दिल्यावर बीजिंगने शब्द फिरवला, तर जाब कोण विचारणार? दोन सार्वभौम देशांत जी हमी चालते, ती वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात चालत नाही. विधेयकात मानवी हक्कांची किती कलमं घातली तरी हा दोष भरून निघत नव्हता, कारण तो मजकुरातला नव्हता, नात्यातला होता.

सरकारची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. राजकीय गुन्ह्यांसाठी प्रत्यर्पण नाही, राजकीय मतांमुळे छळ होणार असेल तर नाही, फाशी न देण्याची हमी हवी, न्यायालयात सुनावणी आणि अपील, हे सगळं कायद्यात होतं. टीका वाढल्यावर नऊ प्रकारचे आर्थिक गुन्हे यादीतून काढले आणि गुन्ह्याच्या शिक्षेची मर्यादा वाढवत सात वर्षांपर्यंत नेली. म्हणजे किरकोळ गुन्ह्यात कोणी पाठवला जाणार नव्हता. "न्यायालय आहे ना, मग घाबरता कशाला?" असा त्यांचा सवाल होता.

याचं उत्तर मी अशा सुनावण्यांत उभा राहून शिकलो. प्रत्यर्पणाच्या न्यायालयाचे हात फार बांधलेले असतात. मागणी करणाऱ्या देशाने पाठवलेले कागद खरे आहेत असं धरूनच तिथे चालतं. साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही. माझ्या एका पक्षकाराविरुद्धचा मुख्य साक्षीदार नंतर जबाब फिरवून मोकळा झाला होता, ते सांगायला मी उभा राहिलो तर उत्तर मिळालं, "हे खटल्यात सांगा." ते कायद्याला धरूनच होतं. खटला मात्र दुसऱ्या देशात होणार होता. शिवाय राजकीय सूड बहुतेक वेळा "राजकीय गुन्हा" अशी पाटी लावून येत नाही. तो लाचखोरी, फसवणूक किंवा बेकायदा धंद्याच्या आरोपात येतो, आणि त्यामागचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर असतं. आपल्याच देशाचं केंद्र सरकार खोट्या हेतूने माणूस मागतंय, असं हाँगकाँगच्या न्यायाधीशाने निकालात लिहायचं, ही अपेक्षा त्या न्यायाधीशावरही अन्याय करणारी होती.

आणि भीती काल्पनिक नव्हती. २०१५ च्या उत्तरार्धात कॉजवे बे भागातल्या एका पुस्तकाच्या दुकानाशी संबंधित पाच जण एकामागोमाग बेपत्ता झाले. चिनी नेत्यांबद्दलची, मुख्य भूमीवर बंदी असलेली पुस्तकं ते विकत. त्यांच्यापैकी ल्याम विंग-की जून २०१६ मध्ये परतले आणि पत्रकार परिषद घेऊन त्यांनी आपल्याला कसं कोंडून ठेवलं होतं ते सांगितलं. विधेयक आल्यावर, एप्रिल २०१९ मध्ये, ते हाँगकाँग सोडून तैवानला गेले. कायदा नसताना लपूनछपून जे झालं, ते उद्या कायद्याच्या शिक्क्याने होईल, एवढाच लोकांचा हिशेब होता. कँटोनीज भाषेत या आंदोलनाचं नाव "फान सुंग-चुंग", म्हणजे "चीनकडे पाठवण्याला विरोध". गंमत नाही, पण त्या भाषेत "सुंग-चुंग" हा उच्चार मरणाऱ्या माणसाला अखेरचा निरोप देण्यासाठीच्या शब्दाचाही आहे. लोकांनी तो शब्द उगाच उचलला नव्हता.

भीती फक्त कार्यकर्त्यांना नव्हती. हा कायदा हाँगकाँगमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला लागू होणार होता, मग तो तिथला रहिवासी असो, हिऱ्यांच्या धंद्यासाठी आलेला भारतीय असो, की विमानतळावरून पुढे जाणारा प्रवासी. म्हणून व्यापारी संघटना बोलल्या, शाळांचे माजी विद्यार्थी सह्यांची पत्रकं काढू लागले. कॅरी लॅम ज्या शाळेत शिकल्या, तिथल्या माजी विद्यार्थिनींनीही काढलं.

मग रस्त्यावरच का? विधिमंडळ होतं ना? होतं, पण ७० पैकी निम्म्याच जागा भौगोलिक मतदारसंघांतून थेट निवडून येत. जनतेची मतं मागवायला सरकारने जेमतेम वीस दिवस दिले. विधेयकाच्या समितीत कोणी अध्यक्ष व्हायचं यावरून धक्काबुक्की झाली, तेव्हा सरकारने समितीच वगळून विधेयक थेट सभागृहात न्यायचं ठरवलं. ज्या दारातून तक्रार आत जाते ते दार बंद झालं, तेव्हा लोक बाहेर आले.

मला सर्वांत भिडला तो ६ जून २०१९ चा मोर्चा. आयोजकांच्या मते सुमारे तीन हजार वकील काळे कपडे घालून अंतिम अपील न्यायालयापासून सरकारी मुख्यालयापर्यंत चालले. घोषणा नाहीत, फलक नाहीत. आमच्या धंद्यातली माणसं सहसा रस्त्यावर येत नाहीत. शब्द हेच आमचं हत्यार, आणि ती माणसं एक शब्दही न बोलता चालत होती. तीन दिवसांनी, ९ जूनला, व्हिक्टोरिया पार्कपासून पांढऱ्या कपड्यांतला समुद्र निघाला. आयोजकांच्या मते दहा लाखांहून अधिक, पोलिसांच्या मते गर्दीच्या ऐन वेळी २ लाख ४० हजार. शहराची लोकसंख्या सुमारे ७५ लाख. पोलिसांचाच आकडा धरला तरी तो थोडा नाही. त्याच रात्री सरकारने जाहीर केलं की १२ जूनला विधेयक ठरल्याप्रमाणे पुढे जाईल.

१२ जूनला विधिमंडळाला लोकांनी वेढा घातला, पोलिसांनी अश्रुधूर आणि रबरी गोळ्या चालवल्या, सरकारने त्याला "दंगल" म्हटलं. १५ जूनला विधेयक स्थगित झालं. त्याच दिवशी पिवळा रेनकोट घालून एका इमारतीच्या परांचीवर निषेधाचा फलक लावणारा माणूस खाली पडून मरण पावला. दुसऱ्या दिवशी काळ्या कपड्यांतला मोर्चा आधीच्या मोर्च्याहूनही मोठा होता, आयोजकांच्या मते वीस लाखांचा. रुग्णवाहिका आली तेव्हा ती गर्दी दुभंगून तिला वाट देताना जगाने पाहिली. आपल्या पंढरीच्या वाटेवर हे दृश्य आपण पाहतो, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही.

तुम्ही विचाराल की स्थगिती मिळाल्यावर लोक घरी का गेले नाहीत. स्थगित विधेयक केव्हाही पुन्हा आणता येतं, म्हणून मागणी पूर्ण माघारीची होती. त्यात भर पडली : "दंगल" हा शब्द मागे घ्या, अटक केलेल्यांना सोडा, पोलिसांच्या वागणुकीची स्वतंत्र चौकशी करा, सर्वांना खरा मताधिकार द्या. "पाच मागण्या, एकही कमी नाही" ही घोषणा तिथून आली. माघारीची घोषणा ४ सप्टेंबरला झाली. तोवर तीन महिन्यांचा राग साचला होता. जूनच्या मध्यात ती झाली असती तर गोष्ट वेगळी घडली असती, असं माझं मत आहे.

आंदोलनात जे चुकलं तेही सांगतो. १ जुलैला विधिमंडळात घुसून तोडफोड झाली. नोव्हेंबरमध्ये वाद घालणाऱ्या एका माणसाला पेटवून दिलं गेलं, आणि दोन गटांच्या दगडफेकीत डोक्याला वीट लागून एका वृद्ध सफाई कामगाराचा जीव गेला. दुसऱ्या बाजूला २१ जुलैला युएन लाँग स्टेशनवर पांढऱ्या शर्टातल्या टोळीने प्रवाशांना काठ्यांनी मारलं आणि पोलीस उशिरा पोहोचले. यातल्या एकाही मारहाणीचं समर्थन मी करणार नाही. पण ९ जूनचं म्हणणं नोव्हेंबरच्या हिंसेमुळे खोटं ठरत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रत्यर्पणाला विरोध करणं नेहमीच बरोबर असतं का? अजिबात नाही. हे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून असतं : मागणारा कोण, देणाऱ्याला स्वतंत्र निर्णय घेता येतो का, दिल्यावर अटी मोडल्या तर उपाय काय. हाँगकाँगचे लोक प्रत्यर्पणाच्या विरोधात नव्हतेच. त्यांच्या शहराचे वीस ठिकाणांशी प्रत्यर्पणाचे करार होते आणि त्यांत भारतही आहे, जून १९९७ मध्ये सही झालेला. पंजाबमधल्या नाभा तुरुंग फोडण्याच्या प्रकरणातला एक आरोपी त्याच करारानुसार २०२४ मध्ये हाँगकाँगहून भारतात आणला गेला. त्याविरुद्ध तिथे कोणी मोर्चा काढला नाही.

म्हणून मल्ल्या-नीरव मोदींची तुलना मला पटत नाही. भारत ब्रिटनकडे माणूस मागतो तेव्हा ब्रिटन नाही म्हणू शकतं, आणि कधी कधी म्हणतंही. आपल्याला त्याचा त्रास होतो, खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात. तो त्रास मी रोज भोगतो आणि तरी तो मला मान्य आहे.

पुढे ३० जून २०२० ला बीजिंगने हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू केला. त्याच्या कलम ५५ नुसार काही प्रकरणं थेट मुख्य भूमीच्या अखत्यारीत घेता येतात. म्हणजे जी भिंत वाचवायला लोक चालले होते, तिला दुसऱ्या बाजूने दार पाडलं गेलं. त्यानंतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांसारख्या देशांनी हाँगकाँगशी असलेले प्रत्यर्पणाचे करार थांबवले. त्यांच्या नजरेतही प्रश्न तोच होता : आता आपण माणूस नेमका कोणाच्या हाती देतोय?

आणि ज्या खुनावरून हे सुरू झालं, त्याचं काय? तैवानने मे २०१९ मध्येच सांगितलं होतं की आम्हाला चीनचा भाग मानणाऱ्या या कायद्याखाली आम्ही आरोपी घेणार नाही. म्हणजे विधेयक मंजूर झालं असतं तरी तो मुलगा तैपेईला पोहोचला नसता. २३ ऑक्टोबर २०१९ ला विधेयक सभागृहात अधिकृतपणे मागे घेतलं गेलं. त्याच दिवशी सकाळी तो मुलगा शिक्षा भोगून तुरुंगातून बाहेर आला. बाहेर आल्यावर त्याने मुलीच्या घरच्यांची माफी मागितली आणि तैवानला जाऊन शरण येण्याची तयारी दाखवली. तो कोणत्या मार्गाने जाणार, यावर दोन्ही सरकारांचं एकमत झालं नाही. मुलीची आई त्यानंतरही त्या खटल्यासाठी दारं ठोठावत राहिली.